अण्णा, आपलं आयपीसचं भांडण

अण्णा, घर माणसांनी भरलंय आणि मला कुठे बसावं ते सुचत नाही. ओटीवर पाहुणे, माजघरात बायका. स्वयंपाकघराचा ताबा आत्यांनी घेतलाय, मला चुलीजवळ फिरकू देत नाहीत. "कुमुद, जरा आडवी हो गं," म्हणतात. आडवी होते. उठते. अंगणातल्या खळ्यापर्यंत जाते, परत येते. दुर्बिणीवरचं कापड सरळ करते. ते सरळच असतं.

सकाळी तुमच्या पालघरच्या शाळेतले एक जुने सहकारी भेटायला आले होते. तुमच्या चित्रकलेच्या तासाबद्दल बोलले, शिस्तीबद्दल बोलले, तुम्ही कधी कुणाला दुखावलं नाही म्हणाले. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे कोणाबद्दल बोलताहेत? माझ्याशी भांडणारा माणूस त्यात कुठेच नव्हता. जाताना दुर्बिणीकडे बघून म्हणाले, "ही आता शाळेला देऊन टाका. मुलं बघतील." ह्यांनी मान हलवली. तुमचा मुलगा कुणापुढेही मान हलवतो, तुम्हाला ठाऊकच आहे.

मी देणार नाही. निदान एवढ्यात नाही. आपलं बोलणं अर्धवट राहिलंय.

ह्या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा उमरोळीत मला ओळखणारं कुणी नव्हतं. सासूबाई आधीच गेलेल्या. हे पहाटे उठून तारापूरच्या बांधकामावर जायचे, ते अंधार पडल्यावर यायचे, आणि आले की जेवून झोपायचे. दिवसभर घरात तुम्ही आणि मी. तुम्ही मला काय विचारणार, मी तुम्हाला काय सांगणार? पाणी हवं का, चहा ठेवू का, एवढंच. संध्याकाळी तुम्ही खळ्यावर खुर्ची टाकून वर बघत बसायचात. पलीकडच्या पाड्यावरची काळूबाय भाजी घेऊन यायची, ती तुम्हाला हटकायची. "अण्णा, तुमी रोज तितं काय बगता? कोन आपला मानूस हाय का वर?" तुम्ही हसून म्हणायचात, "असेल तर दिसायला नको का?" आणि पुन्हा वर बघायला लागायचात.

एक दिवस जेवताना तुम्ही ह्यांना म्हणालात, मुंबईच्या जुन्या बाजारात लढाईच्या काळातल्या मोठ्या जोडदुर्बिणी आल्यात, दोन डोळ्यांनी बघायच्या, जहाजांवरच्या. ह्यांनी जेवता जेवता म्हटलं, "एका नळीची घ्या ना साधी, दोन डोळ्यांचं काय कौतुक?" तुम्ही ताटातून मान वर केली नाहीत. मीच बोलून गेले. इंटर सायन्सपर्यंत शिकलेली, तोंड गप्प कसं राहणार? म्हटलं, "एका डोळ्याने बघताना दुसरा मिटून धरावा लागतो. थकतो माणूस. दोन्ही डोळ्यांना मिळालं तर पुसट गोष्टसुद्धा पकडता येते." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. लग्नाला सहा-सात महिने झाले असतील, पण तुम्ही मला नीट पाहिलंत ते त्या दिवशी, असं मला आजही वाटतं.

मग तुम्ही मलाच बाजारात घेऊन गेलात. आत्यांना ते अजून पटलेलं नाही. सुनेला घेऊन भंगाराच्या गल्लीत!

तिथल्या एका दुकानदाराकडे दोन होत्या. एक भली दांडगी, पुढची भिंगं थाळ्याएवढी. तो तिचंच गुणगान करत होता. दुसरी जरा लहान, रंग उडालेली, पण तिचे आयपीस, डोळा लावायची भिंगं, वाकवून बसवलेले, म्हणजे दुर्बीण आकाशाकडे रोखली तरी बघणाऱ्याने खाली मान घालून बघायचं. सोबत लाकडी डबी, तिच्यात आयपीसच्या दोन जोड्या. तुम्ही मोठीला हात लावला आणि तुमचे डोळे चमकले. मग तुमच्यातला मास्तर जागा झाला. दुर्बीण उजेडाकडे धरून तुम्ही हातभर मागे सरकलात आणि आयपीसमध्ये दिसणारा उजेडाचा ठिपका बघितलात. मलाही दाखवलात. "बघ, गोल आहे का?" एका बाजूने कापल्यासारखा होता. "आतला लोलक सरकलाय नाहीतर लहान पडतोय," तुम्ही म्हणालात. मग बॅटरी लावून नळीत डोकावलात. भिंगावर बुरशीची जाळी होती. तरी तुमचं मन त्या थाळ्यांवरून निघेना. दुकानदार म्हणाला, "साहेब, एवढी मोठी काच पुन्हा नाही मिळायची."

मी विचारलं, "अण्णा, ही सरळ नळीची. डोक्यावरचा तारा बघायचा तर मान कुठे ठेवायची?"

तुम्ही मोठीवरचा हात काढून घेतलात. मग तुम्ही त्याला म्हणालात, "लहान द्या. आमच्या घरात हे सूनबाई ठरवतात."

ते खोटं होतं. त्या घरात तोवर मी काहीच ठरवत नव्हते. पण तुम्ही म्हणालात आणि मग ते खरं होत गेलं. ह्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आता म्हणते आहे, तर ओटीवरून कुणीतरी चहा मागतंय.

दुर्बीण ठेवायला सागाची तिकाटी तुम्ही स्वतः उभं राहून करून घेतलीत. तरी ती डुलायची. मग मधोमध दगडांची पिशवी टांगली तेव्हा कुठे थांबली. आणि दुसऱ्या संध्याकाळपासून आपलं भांडण सुरू झालं.

तुम्हाला जास्त शक्तीचे, थोडंच पण मोठं दाखवणारे आयपीस हवे असायचे आणि मला कमी शक्तीचे. तुम्ही चंद्राच्या एका खड्ड्यावर तासभर मुक्काम ठोकायचात, काळ्या कागदावर खडूने तो उतरवायचात. मी आले की तुमचे आयपीस काढून माझे लावायची, कारण मला सगळ्या कृत्तिका एकदम हव्या असायच्या, आजूबाजूच्या काळोखासकट.

"तुमच्या आयपीसमधून बघणं म्हणजे दाराच्या फटीतून लग्न बघणं," मी म्हटलं होतं.

"आणि तुझ्यातून बघणं म्हणजे गच्चीवरून. नवरी कुठली तेही कळायचं नाही."

"पण तुमचं सगळं हलतं. जरा वारा आला की तारा नाचतो."

"वारा पडेपर्यंत थांबायचं. घाई कसली?"

मग एकदा तुम्ही मला नीट समजावलंत. तुमचं म्हणणं असं, की कमी शक्तीच्या आयपीसमधून उजेडाचा जो झोत बाहेर पडतो तो रुंद असतो. तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली अंधारात चांगली मोठी होते, तिला तो सगळा मिळतो. "माझी बाहुली आता म्हातारी झाली. ती तेवढी उघडत नाही. तुझा आयपीस लावला की बराचसा उजेड माझ्या डोळ्याबाहेरच सांडतो. माझ्यासाठी जास्त शक्तीच बरी." मी म्हटलं, "म्हणजे तुमच्या डोळ्याला तुमचं बरोबर, माझ्या डोळ्याला माझं." तुम्ही तेवढ्यावर मिटवायला तयार नव्हतात. तुम्हाला जिंकायचं होतं. मलाही. हे घरी यायचे तेव्हा आपण दोघं अंगणात हातवारे करत असायचो. हे विचारायचे, "जेवायला मिळेल का?"

त्या दिवसांत मी सुखात होते अण्णा. भांडता येणं हे केवढं सुख आहे ते मला माहेरी कळलं नव्हतं.

मग पश्चिमेचं आभाळ उजळायला लागलं. तारापूरला बांधकाम वाढलं, रात्रपाळी सुरू झाली, दिव्यांचा फिकट पट्टा झाडांच्या वर दिसायला लागला. तुम्ही ह्यांच्यावर चिडायचात, जणू ते दिवे त्यांनीच लावलेत. "तुमचं ते वीजघर मावळतीचे तारे खाऊन टाकणार!" हे म्हणाले, "अण्णा, त्या विजेवर उद्या आपल्याकडे दिवा लागेल." तुम्ही म्हणालात, "मला नको." मला वाटलं, तुमचा राग दिव्यांवर आहे. नंतर कळलं की तुम्हाला सगळ्याच दिव्यांभोवती तेव्हा धुकं दिसायला लागलं होतं.

ती संध्याकाळ मला विसरता येत नाही. कोवळी चंद्रकोर होती. तुम्ही बघत होतात आणि एकदम म्हणालात, "नळ्या सरकल्या. दोन कोरी दिसताहेत." मी बघितलं. मला एकच दिसली, कडेला रेखीव. म्हटलं, "अण्णा, एकच आहे." तुम्ही पुन्हा बघितलंत. "दोन. कुणीतरी हिला धक्का दिलाय. काळूबायची पोरं खेळत होती इथे." आणि पेचकस काढलात. लोलकाचे स्क्रू सोडायला निघालात. चांगली जुळलेली दुर्बीण एकदा उघडली असती तर आपल्याकडून ती परत जुळली नसती, हे तुम्हीच मला शिकवलेलं.

मी तिकाटीपुढे उभी राहिले. म्हटलं, "स्क्रूला हात लावण्याआधी एक करा. एक डोळा मिटून बघा."

तुम्हाला अर्थ कळला. नळ्या सरकल्या असतील तर एक डोळा मिटल्यावर एकच चंद्र उरेल. एका डोळ्यालाही दोन दिसले, तर दोष दुर्बिणीत नाही.

"बाजूला हो," तुम्ही म्हणालात.

"नाही होणार."

इतक्या मोठ्या आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. "मुलांना चित्रं काढायला शिकवण्यात माझा जन्म गेला. माझ्या डोळ्यांची परीक्षा तू घेणार?" पेचकस खळ्यावर टाकून आत गेलात. जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशीही बोलला नाहीत. मी पेचकस उचलून मिठाच्या बरणीमागे ठेवला होता. तुम्ही तो शोधलात, पण मला विचारलं नाहीत.

मग एका पहाटे मी अंगण झाडत होते. तुम्ही दुर्बिणीवरून उठलात, चुलीपाशी येऊन बसलात, चहाची वाट बघत. कप हातात घेतलात आणि म्हणालात, "कुमुद, नळ्या सरळ आहेत."

एवढंच. मी पाठ फिरवली, कारण मला रडू येत होतं आणि तुम्हाला ते चाललं नसतं.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. मुंबईला ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून तुम्हाला उताणं निजवलं होतं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, हलायची बंदी. तुम्ही! जो माणूस जेवतानाही पाय हलवतो. मी शेजारी बसून तुम्हाला आभाळ सांगत होते. आता रोहिणी कुठे असेल, गुरू कुठे. तुम्ही न हलता ओठांनी माझ्या चुका काढत होतात.

घरी आलात ते जाड भिंगाचा चष्मा घेऊन. उजव्या डोळ्याला जग मोठं दिसायचं, डाव्याला होतं तेवढंच. दोन्ही चित्रं एकावर एक बसायची नाहीत. पायरी दोनदा दिसायची. दारातून माणूस आला की दोन माणसं यायची, एक धिप्पाड, एक नेहमीचा. डॉक्टर म्हणाले, दोन डोळ्यांचं आता जमणार नाही, एकाने काम चालवा. तुम्ही डाव्या काचेला काळा कागद चिकटवलात. संध्याकाळी खळ्यावर बसायचात, पण दुर्बिणीकडे पाठ करून. मी कापड काढायची, तुम्ही म्हणायचात, "तू बघ." मी बघायची आणि मला काहीच दिसायचं नाही, कारण माझं सगळं लक्ष मागे, तुमच्याकडे असायचं.

मग एक दिवस तुम्ही पाटी मागवलीत आणि आकृत्या काढायला लागलात. उजव्या डोळ्यातलं भिंगच काढून टाकलंय, तर त्या बाजूचा आयपीस थोडा मागे आणला, डोळ्याच्या दिशेने, की ती कमतरता भरून निघेल. चष्म्याची गरजच नाही. आयपीस फिरवून तो मागे येत होता, पण पुरेसा नाही. त्याच्याखाली पितळेचं वळं बसवायला हवं. आणि गंमत म्हणजे चष्म्यात जुळत नाहीत ती चित्रं दुर्बिणीत जुळतील, असा तुमचा हिशेब होता. का, ते तुम्ही मला दोनदा सांगितलंत. मला अर्धंच कळलं. तिसऱ्यांदा विचारायचं राहून गेलं.

अडचण एकच होती. प्रत्येक आयपीसला वेगळ्या जाडीचं वळं लागणार. कमी शक्तीच्या आयपीसला जाड, जास्त शक्तीच्या आयपीसला पातळ. तुम्ही ह्यांच्याबरोबर बांधकामावरच्या वर्कशॉपात गेलात, रामसेवक मिस्त्रींना भेटलात. ते लेथवर काम करायचे. पुढे तुम्ही एकटेही जाऊन आलात. आणि दिवाळीच्या तोंडावर हे वळं घेऊन आले. चांगलं जाड, चकचकीत.

ते माझ्या आयपीसचं होतं.

मी डबीतून आयपीस काढले, तुमच्याकडे बघितलं. तुम्ही नुसतं "बसव" म्हणालात.

त्या सुमारास पहाटे पूर्वेला धूमकेतू दिसत होता. पालघरला, बोईसरला लोक गच्चीवर चढून बघत होते. आपण खळ्यावर. काळूबाय तिच्या सासूला घेऊन आली होती. तुम्ही चष्मा काढून माझ्या हातात दिलात, खाली वाकलात, उजवा आयपीस हळूहळू फिरवलात. मी चष्मा धरून उभी. तुमचा हात थांबला. मग कितीतरी वेळ तुम्ही हललाच नाहीत. काळूबाय म्हणाली, "अण्णा, ती शेपूट कशाची हाय? सांगा तरी." मी विचारलं, "जुळलं का?"

"एक आहे," तुम्ही म्हणालात. "कुमुद, एकच आहे." तुमच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तुम्ही ते पुसतही नव्हतात, कारण पुसायला मान वर करावी लागली असती.

ते मी पाहिलं. माझ्या आयुष्यात तेवढं एक जरी झालं असतं तरी पुरे होतं.

पण त्यानंतर तुम्ही भांडायचे थांबलात, अण्णा. मी आले की उठून जागा द्यायचात. जास्त शक्तीच्या आयपीसचं नावही काढायचा नाहीत. मी मुद्दाम डिवचायची, "आता बघा, गच्चीवरून लग्न कसं छान दिसतंय." तुम्ही नुसते हसायचात. मला ते हसणं सहन व्हायचं नाही. वाटायचं, ऑपरेशनच्या वेळी मी शेजारी बसले त्याची ही परतफेड आहे की काय. की थकलात? की म्हातारपणी सुनेशी जमवून घ्यावं असं कुणी तुमच्या डोक्यात भरवलं? तुम्ही मला जिंकू दिलंत की काय, ह्या विचाराने मी अंथरुणात कूस बदलायची. विचारू विचारू म्हणत राहिले. मग त्या दुपारी तुम्ही ओटीवर खुर्चीत बसलात, मी ताक घेऊन आले, आणि विचारायला कुणी उरलं नव्हतं.

तेव्हापासून मी अशी फिरते आहे. खळं, ओटी, खळं.

आज ऊन उतरल्यावर अंगणात कुणीतरी हाक मारली. रामसेवक मिस्त्री. गावाला गेलेले, आजच परतले होते, त्यांना काही कळलेलं नव्हतं. हसत उभे. "बहूजी, बाबूजी कहाँ हैं? उनकी चीज़ लाया हूँ."

मी सांगितलं. ते पायरीवर बसले. पागोट्याच्या टोकाने डोळे पुसले. मग त्यांनी खिशातून चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. पितळेचं वळं. पण पातळ, एखाद्या नाण्याइतकं.

"पहले तो यही माँगा था बाबूजी ने," मिस्त्री म्हणाले. "बारीक काम है, हर बार लेथ पर टेढ़ा हो जाता था. फिर बोले, तब तक मोटावाला बना दो, नहीं तो वो पूँछवाला तारा चला जाएगा. पर यह छोड़ना मत. हर हफ़्ते ख़बर भेजते थे. और बोले, घर में बहू को मत बताना." त्यांनी वळं माझ्या हातावर ठेवलं. "कहते थे, एक बार यह आ जाए, फिर उसको दिखाता हूँ."

अण्णा, मी हसले. मोठ्याने. सुतकाच्या घरात, भर अंगणात. आत्या धावत बाहेर आल्या, बायका दारात जमल्या, ह्यांनी माझा दंड धरला, मिस्त्री घाबरून उभे राहिले. मला थांबता येईना. तुम्ही हरला नव्हतात. तुम्ही दबा धरून बसला होतात!

दिवेलागणीला मी दुर्बिणीवरचं कापड काढलं. कुणी अडवलं नाही. डबीतून जास्त शक्तीचे आयपीस काढले, उजव्या बाजूला पातळ वळं बसवलं. ते अगदी बेमालूम बसलं. उजव्या डोळ्याला मला अर्थातच नुसतं धुकं दिसत होतं, ती बाजू तुमची आहे. डाव्याने गुरू बघितला. त्याचे चंद्र एका ओळीत, टाचणीने टोचल्यासारखे. सुंदर होता, ते मान्य करते.

पण हलत होता, अण्णा. वारा नव्हता, पिशवीत दगड पुरेसे होते, तरी फार हलत होता. दोष तुमच्या जास्त शक्तीचाच आहे. दुसरं काही कारण नाही.